पूर्व महालातली बाई

शिंपल्याच्या दोन फाका एकमेकींवर ठेवल्या की त्या जोडीच्या आहेत का, हे डोळ्यांआधी कानाला कळतं. परक्या फाका किंचित घसरतात, खरखरतात. जोडीच्या फाका 'टक्' असा एकच आवाज करतात आणि गप्प बसतात. जपानमधल्या सेंदाईच्या त्या उन्हाळ्यात मी हा आवाज इतक्यांदा ऐकला की तो कायमचा कानात राहिला. आता वयाची पासष्टी उलटली, डाव्या कानाला यंत्र लागलं, तरी तो आवाज यंत्राशिवाय ऐकू येतो. माझी मुलगी मीरा म्हणते, आई, तू सगळ्याचं नाटक करून सांगतेस. करते. चाळीस वर्षं गप्प बसलेल्या बाईने एकदा तोंड उघडल्यावर थोडं नाटक चालायचंच.

तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि माझं नाव उमा होतं. हे मुद्दाम सांगते आहे, कारण आता मी राहते त्या कावासाकीत घराबाहेरच्या कुणालाही ते माहीत नाही. घरात आम्ही तिघं: बाबा, आत्या आणि मी. बाबा विद्यापीठात धातूंवर संशोधन करायचे. माणूस सज्जन, अबोल आणि कमालीचा टापटिपीचा. जळणारा कचरा, न जळणारा कचरा, बाटल्या, डबे, हे सगळं ते इतक्या मन लावून वेगळं करायचे की शेजारच्या जपानी बायका त्यांना विचारायला यायच्या. आत्या माझ्या आईच्या पश्चात मिरजेहून आली, ती कायमचीच. तिला जपानीचे चार शब्द यायचे आणि त्या चारांत ती सगळा बाजार करायची. सोब्याच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाचं थालीपीठ, मुळ्याची पीठ पेरून भाजी, आंबट उमे फळांचं आपल्या मसाल्याचं लोणचं. होळीला ती अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं पुरण घालून पोळ्या करायची. पुरण काळंकुट्ट दिसायचं, पण डोळे मिटून खाल्लं तर मिरज आठवते असं ती म्हणायची. थंडीत रॉकेलची गाडी गाणं वाजवत गल्लीतून जायची. उन्हाळ्यात संध्याकाळी मागच्या झाडीतून एका जातीचे किडे असे ओरडायचे की आत्या म्हणायची, हे मेले कुणाच्या नावाने रडतात कोण जाणे.

आई जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. तिच्याबद्दल घरात बोलणं व्हायचं नाही. भिंतीवर फोटो होता, खाली एका चौकोनी पट्टीवर बाबांच्या सुबक अक्षरात 'सौ. शैलजा' असं लिहिलेलं. ती स्वयंपाकघरातून मला 'उमे' अशी हाक मारायची, शेवटचा स्वर थोडा वर नेऊन. तेवढी हाक माझ्याकडे शिल्लक होती.

आमच्या मागच्या टेकडीवर एक जुनं बौद्ध देऊळ होतं. उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांत तिथल्या कोठारातल्या जुन्या वस्तू बाहेर काढून त्यांना वारं दाखवायचे. कपडे, गुंडाळलेली चित्रं, कागद, सगळं ओसरीत मांडायचं, म्हणजे कसर लागत नाही. त्या कामाला त्यांना हलक्या हाताची मुलगी हवी होती. ही माझी सुट्टीतली अर्धवेळ नोकरी. देवळाचं सगळं बघायच्या फुमिको-सान, तिथल्या पुजाऱ्याची आई, सत्तरीच्या, ताठ कण्याच्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या पुढ्यात काळ्या लाखेच्या दोन अष्टकोनी पेट्या ठेवल्या. आत शिंपले. तीनशेच्या वर जोड्या, सगळ्या सुट्या केलेल्या. प्रत्येकाच्या आत सोनेरी मुलाम्यावर चित्र: फुलं, पूल, पडद्याआड बसलेल्या बायका. जोडीच्या दोन्ही फाकांत तेच चित्र. माझं काम म्हणजे प्रत्येक फाक मऊ ब्रशने पुसायची आणि तिची जोडीदार शोधायची.

"चित्र बघून नाही लावायची," फुमिको-सान म्हणाल्या. "पालथी ठेव. पाठीवरच्या रेषा बघ, मग आवाज ऐक. चित्र काय, कुणीही काढू शकतं."

पेट्या होत्या पूर्व महालातल्या बाईंच्या. चारेकशे वर्षांपूर्वी डोंगरापलीकडच्या एका सरदाराने ही आपली चौदा वर्षांची मुलगी इकडच्या सरदाराच्या मुलाला दिली. दोन घराण्यांचं वैर होतं, ते मिटावं म्हणून. फुमिको-सान ही गोष्ट रोज थोडी थोडी सांगायच्या, हात चालू ठेवून. वरातीत सगळ्यात पुढे या शिंपल्यांच्या पेट्या, कारण शिंपल्याला दुसरी जोड बसत नाही, तशी सुनेने राहावं असा त्यातला अर्थ. नदीवर वरात थांबली. माहेरच्या भोयांनी पालखी खाली ठेवली, सासरच्यांनी उचलली. तिला लहानाची मोठी केलेली दाई नदीपर्यंत आली होती, तिला तिथूनच परत पाठवलं. इकडे आल्यावर लग्न झालेल्या बाईच्या रिवाजाप्रमाणे तिच्या भुवया काढल्या, दात काळे केले आणि तिला महालाच्या पूर्वेच्या बाजूला ठेवलं. तेव्हापासून सगळे तिला 'पूर्वेच्या' म्हणू लागले. तिसऱ्या वर्षी तिच्या भावाने तह मोडला. सासरच्यांनी तिला मारलं नाही आणि परतही पाठवलं नाही. मुलगा झाला तो दुसऱ्यांच्या हाती वाढला. पत्रं आली ती आधी दुसऱ्यांनी वाचली. अशी ती चाळीस वर्षं पूर्वेला राहिली.

"तिचं नाव काय होतं?" मी विचारलं.

"ते कुणी लिहून ठेवलं नाही. तिच्या वडिलांच्या वंशावळीत भावांची नावं आहेत, हिच्या जागी नुसतं 'मुलगी' आहे. इकडच्या वंशावळीत 'अमक्याची मुलगी'. मेल्यावर देवळाने एक मोठं थोरलं नाव दिलं, ते थडग्यावर आहे." फुमिको-साननी हातातली फाक पुसून खाली ठेवली. "आम्ही दरवर्षी त्या नावाने तिच्यासाठी मंत्र म्हणतो. मला कधी कधी वाटतं उमा-चान, तिला कळत तरी असेल का, की हे आपल्यालाच बोलावताहेत?"

सगळ्या जोड्या लागल्यावर एक फाक उरायची. देवळातली समजूत अशी, की निघताना तिच्या आईने एक फाक स्वतःपाशी ठेवून घेतली होती. आणि असंही म्हणायचे की वस्तू बाहेर काढलेल्या दिवसांत ओसरीवर कुणी नसताना कधी कधी 'टक्' असा आवाज येतो. मी विज्ञानवाल्याची मुलगी, हसले. पण एका दुपारी फुमिको-सान चहा आणायला आत गेल्या आणि माझे दोन्ही हात मांडीवर असताना मी तो आवाज ऐकला. किडे ओरडायचे थांबले होते. मी मागे वळून बघितलं नाही. पेटीच्या पूर्वेला कुणीतरी बसलं आहे आणि माझ्या हातांकडे बघतं आहे, असं त्यानंतर रोज वाटायचं. भीती नाही वाटायची. अवघडल्यासारखं व्हायचं, पाहुणीला नावाने हाक मारता येत नसली की होतं तसं.

इकडे घरात माझं लग्न ठरलं होतं. बाबांना संशोधनात आणणारे, त्यांच्यासाठी जपानला पत्र टाकणारे त्यांचे पुण्यातले सर, त्यांचा मुलगा श्रीरंग कावासाकीला एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत होता. आमच्याकडे राज्य नव्हतं, प्रयोगशाळा होती. पण बाबा 'दोन घरं जोडली जातील' असं म्हणायचे तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्या तह जमलेल्या सरदारासारखा व्हायचा. श्रीरंगला मी दोनदा भेटले होते. बरा होता. हसरा होता, मला गाड्यांचं वेळापत्रक समजावून सांगायचा. माझी तक्रार नव्हती. मग सरांच्या पत्नीचं पत्र आलं. मायेचं पत्र होतं. शेवटी लिहिलं होतं, 'आमच्याकडे सुनेचं नाव बदलायची पद्धत आहे. मैथिली ठेवायचं ठरवलं आहे, श्रीरंगच्या आजीची फार इच्छा होती.'

"छान आहे की," आत्या म्हणाली.

मला ते छान वाटलं नाही, पण का ते सांगता येईना. बाबा म्हणाले, "अगं, तांदळात तर लिहायचं असतं. ताट हलवलं की गेलं."

ओबोनचा सण जवळ आला. त्या दिवसांत पितर घरी येतात, देवळात लांब लाकडी पट्ट्यांवर गेलेल्यांची नावं लिहून मंत्र म्हणतात. फुमिको-सान आपणहून म्हणाल्या, "तुझ्या आईची पट्टी करू. तुमचा धर्म वेगळा, पण ती या गावात गेली. रस्ता इथूनच लागेल तिला. नाव तेवढं नीट लिहून आण."

मी स्वयंपाकघराच्या टेबलापाशी बसून कागदावर देवनागरीत 'शैलजा' आणि त्याखाली जपानी लिपीत त्याचा उच्चार लिहीत होते. आत्या भाकरी थापत होती. तिने वाकून बघितलं आणि अगदी सहज म्हणाली, "ते सासरचं नाव झालं. जाऊन पोचलेल्या माणसाला माहेरचं नाव लागतं की काय, देवाला ठाऊक."

"माहेरचं कुठलं?"

"कुंदा." तिने भाकरी तव्यावर टाकली. "तुला माहीत नाही? तशी ती म्हणायची नाहीच म्हणा. आईबाप लहानपणी गेले, चुलत्याकडे वाढली, मग इकडची झाली. कोण घेणार ते नाव."

मी कागद तसाच धरून बसले. भाकरीला पाणी फिरवल्याचा आवाज, तवा, बाहेरचे किडे, सगळं होतं तिथेच होतं, आणि मी मात्र आठ वर्षांपूर्वीच्या दवाखान्यात जाऊन उभी राहिले होते.

आईला मेंदूज्वर झाला होता. तीन दिवस. मी बारा वर्षांची. नर्स दर तासाला यायची, आईच्या खांद्यावर थोपटायची आणि मोठ्याने हाक मारायची, "शैलजा-सान. शैलजा-सान, ऐकू येतंय का?" आई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत असायची. मराठीत, लहान मुलीच्या आवाजात. विहिरीबद्दल, कुणाच्या तरी परकराबद्दल. मग नर्स पाटीवर खूण करायची. ती खूण म्हणजे हाकेला प्रतिसाद नाही, हे मला वाचता येत होतं. बाबांनी हाक मारली, "शैलजा." मी आई म्हणून हाक मारली. आम्ही सगळे तिच्या दाराशी उभं राहून भलत्याच बाईला बोलावत होतो. तिथे जी निजली होती ती आठ-नऊ वर्षांची कुंदा होती. तिचं लग्न झालं नव्हतं, तिला मूल नव्हतं. ती कुणाला ओ देणार?

बाबा घरी आले तेव्हा मी त्यांना बूटसुद्धा काढू दिले नाहीत.

"तुम्हाला आईचं पहिलं नाव माहीत होतं?"

ते दारात उभे राहिले. "होतं."

"मग दवाखान्यात त्या नावाने हाक का नाही मारलीत?"

बाबांनी पिशवी खाली ठेवली. "मला सुचलं नाही, उमा," ते म्हणाले. "देवाशपथ सुचलं नाही. मी ते नाव पत्रिकेत एकदा वाचलं होतं. मीच ते बदललं होतं ना."

मी त्यांना म्हणाले, तिने डोळे उघडले असते. हे मला ठाऊक नव्हतं, आजार मोठा होता, डॉक्टरांनी आशा सोडलीच होती. पण मी ते बोलले, आणि दुखावं म्हणूनच बोलले. त्या संध्याकाळी बाबांनी कचरा वेगळा केला नाही, हे मला आठवतं.

ओबोनच्या दिवशी मी पट्टीवर माझ्या हाताने 'कुंदा' लिहिलं. शाई लाकडात पसरली, अनुस्वार मोठा झाला. देवळात चाळीसेक पट्ट्या उभ्या होत्या, त्यात माझी आई एकटी देवनागरीत. फुमिको-सानच्या मुलाने एकेक नाव घेत मंत्र म्हटले. 'कुन्दा' असं त्याने नीट, दोनदा म्हटलं. माझ्या शेजारी बाबा उभे होते. त्यांचे ओठ हलले. नंतर त्यांना हुंदका आला, तो त्यांनी गिळला, पुन्हा आला. भर सभेत, ओळखीच्या लोकांत, माझे बाबा लहान मुलासारखे रडले आणि मला वाटलं होतं तसं समाधान मला अजिबात झालं नाही. पूर्व महालातल्या बाईंचं लांबलचक नाव सगळ्यात शेवटी आलं. कुणी ओ दिली असेल असं वाटलं नाही.

घरी परतताना मी बाबांना सांगितलं की लग्न करेन, पण नाव उमाच राहील. ते लगेच हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सरांना पत्र लिहायला बसले. 'तीर्थस्वरूप सर यांस' एवढं लिहून झालं. मी चहा ठेवला, तो गार झाला. जेवण झालं. दुपारी बघितलं तर कागदावर तीच ओळ, बाजूला चुरगाळलेल्या कागदांची रास. सरांसमोर आवाज चढवणं दूर, ते कधी खुर्चीवर टेकूनसुद्धा बसले नव्हते. त्यांनी आणखी एक कागद चुरगाळला. आठ वर्षांपूर्वीची ती एक चूक आणि आता हे. माझा राग तसाच होता, पण ती रास मला बघवेना.

"राहू दे बाबा," मी म्हणाले. "चालेल मला मैथिली."

"नक्की?"

"तांदळात तर लिहायचं असतं."

हे मी प्रेमाने म्हटलं की टोचून, हे इतक्या वर्षांनी लिहायला बसले तरी ठरवता येत नाही. बहुधा दोन्ही. त्यांनी मात्र सुटका झाल्यासारखा श्वास सोडला आणि पेनाला टोपण लावलं. त्या टोपणाचा आवाज बारीकच होता, टक्. माझं लग्न खरं त्या क्षणी लागलं.

सुट्टीला श्रीरंग सेंदाईला आला. स्टेशनकडे चालत जाताना मी त्याला आईची सगळी हकीकत सांगितली. तो मनापासून ऐकत होता. "घरात आपण दोघंच असताना मी उमाच म्हणेन," तो म्हणाला.

"घरात नाही म्हटलंत तरी चालेल. दवाखान्यात म्हणाल?"

"हे काय भलतंच," तो म्हणाला आणि गाडीची वेळ बघू लागला.

पुण्याला लग्न झालं. सासूबाईंनी तांदळाचं ताट पुढे धरलं, श्रीरंगने सोन्याच्या अंगठीने एकेक अक्षर कोरलं. 'थि'ची वेलांटी दोनदा काढावी लागली, तांदूळ ढासळत होते. सगळ्यांनी नाव घेतलं, पेढे वाटले. मी ताटाकडे बघत होते. पुढे पंगतीच्या गडबडीत कुणीतरी ते उचललं आणि अक्षरं विस्कटली. बाबांचं खरं ठरलं, ताट हलल्यावर नाव गेलं. फक्त गेलं ते तांदळातून. पासपोर्टावर, बँकेत, मीराच्या शाळेत, कावासाकीच्या दोन घरांच्या दारांवर ते चाळीस वर्षं टिकलं. श्रीरंगने पहिलं वर्षभर घरात उमा म्हटलं. मग त्याची आई राहायला आली आणि ते राहून गेलं. त्याला दोष देत नाही. थोडा देते.

मैथिलीचं तसं बरं चाललं. तिने संसार केला, भारतीय बायकांची भिशी चालवली, नातवाला पाढे शिकवायचा निष्फळ प्रयत्न केला. मीराने लग्नानंतर नाव तर नाहीच, आडनावही बदललं नाही. तिला मी एकदा विचारलं, तुझ्या सासूला चाललं? ती जपानीत म्हणाली, तिला कशाला विचारायचं? मी उठून ओट्यापाशी गेले, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते आनंदाचं होतं.

पण विम्याच्या कार्डाच्या पाकिटात एक घडी घातलेला कागद मी गेली कित्येक वर्षं ठेवला आहे. मीराला दाखवून ठेवला होता. तिला देवनागरी अडखळत वाचता येतं, म्हणून खाली जपानीतही लिहिलं होतं. कधी मी हाकेला ओ दिली नाही, तर हे म्हणून बघ. ती म्हणाली, आई, नाटक.

गेल्या वर्षी माझं पोटाचं ऑपरेशन झालं. भूल उतरायला वेळ लागला, पुष्कळच लागला असं नंतर कळलं. मला आठवतं ते एवढंच, की नर्स हाक मारत होती, "मैथिली-सान. मैथिली-सान, ऐकू येतंय का?" आणि मला ऐकू येत होतं. अगदी स्वच्छ. मग श्रीरंगचा आवाज, घाबरलेला, "मैथिली, अगं मैथिली." मला वाटलं, शेजारच्या पलंगावर कुणी मैथिली असेल. बिचारी ओ का देत नाही, कुणीतरी तिला उठवा. मी सेंदाईच्या घरात होते, स्वयंपाकघराच्या दारात, आणि कुणीतरी मला आत बोलावण्याची वाट बघत होते. ते शेजारच्या बाईला पुन्हा पुन्हा हाका मारत राहिले. मला तिची कीव आली.

मग कागद उलगडल्याचा आवाज झाला. मीरा मराठी बोलते तेव्हा शब्दांवर जपानी चाल चढते. ती म्हणाली, "उमा." थांबली. आणि काय वाटलं तिला, ते तिलाही सांगता येत नाही, कागदावर तसं लिहिलेलं नव्हतं, पण शेवटचा स्वर थोडा वर नेऊन ती म्हणाली, "उमे."

मी डोळे उघडले. सगळे हसत होते, श्रीरंग रडत होता, नर्स पाटीवर खूण करत होती. मीरा माझा हात धरून विचारत होती, आई, का रडतेस, कुठे दुखतंय. मी मान हलवली. तिला काय सांगणार होते? चाळीसहून जास्त वर्षं मी मनाला समजावत आले होते की आजार मोठा होता, आईला काही कळत नव्हतं, कुठल्याही नावाने हाक मारली असती तरी फरक पडला नसता. आता मला माहीत झालं होतं. तिला ऐकू येत होतं.